भागूमावशींच्या डाव्या अंगाला

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पडलेल्या माणसांना पुन्हा उभं करणं हे माझं काम, त्यामुळे माणसं मला चेहऱ्यापेक्षा चालीवरून जास्त लक्षात राहतात. रस्त्यात कुणी ओळख दाखवली आणि नाव आठवेना, तर मी दोन पावलं मागं थांबते, त्याला पुढं जाऊ देते. चाल दिसली की माणूस आठवतो. भागूमावशींच्या मात्र मला दोन चाली आठवतात, आणि त्या दोन्ही एकाच बाईच्या होत्या असं मला अजून खात्रीनं सांगता येत नाही.

मावशी मखमलाबादच्या. घरचा फुलांचा मळा, शेवंती आणि झेंडू. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा दत्तू आणि सून सविता यांच्या जोडीनं मळा त्याच बघायच्या. एका सकाळी फुलं तोडताना, त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर, "कुनीतरी शेत गोधडीसारखं पायाखालून ओढलं." शुद्ध गेली नव्हती. तोंड वाकडं झालं नव्हतं. हातापायातली ताकदही शाबूत होती. फक्त उठून उभं राहता येईना. डोक्याच्या मागच्या बाजूला, लहान मेंदूत, रक्ताची गुठळी अडकली होती. तोल सांभाळायचं काम तिथलं.

गंगापूर रोडवरच्या आमच्या सेंटरमध्ये दत्तूनं त्यांना व्हीलचेअरवरून आणलं, तो दिवस मला आठवतो. गव्हाळ, हाडापेरानं मोठी बाई. नऊवारीचा काष्टा घट्ट, कपाळावर बुक्क्याचा ठिपका. मी हात धरून उभं करायला गेले तर त्यांनी माझा हात झटकला. पकड अशी की माझं मनगट दुखलं.

"मावशी, उभं राहायची भीती वाटते का?"

"मला नाय वाटत. तुझ्या या फरशीला वाटती. बघ की, कशी थरथरती."

आणि उठल्या. उभ्या राहिल्या त्या उसाच्या तुऱ्यासारख्या, सगळीकडून हलत. मी त्यांच्या कमरेला बांधलेला आधाराचा पट्टा धरला नसता तर तोंडावरच पडल्या असत्या. खाली बसल्यावर घाम पुसत म्हणाल्या, "हात देत नको जाऊ मला. हात दिला की मानूस पांगळं होतं."

हे त्यांचं ठाम मत होतं आणि त्यात बदल नव्हता. नवऱ्याचा हात धरून कधी नदी ओलांडली नाही, असं अभिमानानं सांगायच्या. चपला घालून व्यायाम करायला तयार नसत. "पायाला जमीन दिसली पाहिजे," म्हणायच्या. रिसेप्शनवरच्या तसबिरीचा हार शिळा दिसला की तोंड फिरवून बसायच्या. दुसऱ्या दिवशी दत्तूच्या हातात ताजा हार असायचाच. आणि भेटलेल्या प्रत्येक माणसाला एक फूल ठरवून द्यायच्या. आमचे न्यूरॉलॉजिस्ट डॉक्टर सबनीस अगदी हळू आणि कमी बोलतात. त्यांना बघून म्हणाल्या, "हा निशिगंध. दिवसा वास येनार नाय."

"आणि मी?" मी विचारलं.

"तू झेंडू. देवालाबी चालती, ट्रकलाबी चालती."

मी खूप हसले होते. सुरुवातीचे ते दिवस तसे हसण्याचेच होते.

व्यायामानं मावशींची प्रगती होत होती, पण मुंगीच्या पावलानं. तेव्हा डॉक्टर सबनीसांनी मशीन सुचवलं. डोक्याच्या मागं एक चुंबकाची गुंडाळी धरायची, तिनं लहान मेंदूला बाहेरून हलके ठोके द्यायचे. गुठळीनं मेलेला भाग जिवंत होत नाही, पण शेजारचा शाबूत भाग जागा होतो आणि काम शिकायला तयार होतो. ठोके देऊन झाले की लगेच तोलाचे व्यायाम. डॉक्टरांनी हेही सांगितलं, की सगळ्यांनाच याचा उपयोग होतो असं नाही, आणि काही वेगळं जाणवलं तर लपवायचं नाही.

"करंट देनार का डोक्याला?" मावशींनी विचारलं.

"करंट नाही. चुंबक."

"मंग माझ्या डोक्यात खिळे हायत का?"

सविता पदरात तोंड लपवून हसली. मशीनजवळ धातू चालत नाही, म्हणून मावशींनी कानातल्या कुड्या काढून तिच्या हातात दिल्या आणि खुर्चीत ताठ बसल्या. मशीनचा आवाज कोरडा असतो. टक, टक, टक. मग थोडी शांतता, आणि परत टक, टक, टक.

"कसं वाटतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"कुनी दार वाजवल्यावानी."

डॉक्टर क्वचित हसतात, तेव्हा हसले. "कोण आलंय ते सांगा मग," म्हणाले.

मावशींनी सांगितलं, पण काही आठवडे गेल्यावर.

सकाळची वेळ होती. ठोके देऊन झाले होते. मावशी दोन समांतर दांड्यांच्या मधे उभ्या होत्या आणि मी त्यांच्या समोर. एकाएकी त्या थोड्या उजवीकडं सरकल्या आणि डावीकडं मान वळवून म्हणाल्या, "ये."

मागून कुणी आलं असेल म्हणून मी पाहिलं. कुणी नव्हतं.

"कुणाला बोलावताय मावशी?"

"ही आलीय ना." एवढंच म्हणून त्यांनी डावा कोपर अंगापासून थोडा लांब केला. बाजूला कुणी उभं राहून कोपर धरलं तर हात जसा दिसतो, तसा तो दिसत होता. आणि त्यांचं हलणं थांबलं. पहिल्या दिवसापासून मी ज्या अंगाचं डुलणं बघत होते, ते खांबासारखं स्थिर झालं. मी त्यांना डोळे मिटायला सांगितलं. डोळे मिटले की त्या हमखास कोसळायच्या. त्या दिवशी उभ्या राहिल्या. मिटल्या डोळ्यांनी, डावं कोपर हवेत, चेहरा शांत.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण हॉलमध्ये भर उन्हाची तिरीप असताना माझ्या मानेवर काटा आला, तोही खरा.

त्यानंतर 'ती' रोज येऊ लागली. मावशी तिच्याविषयी फार बोलत नसत. घरातल्या माणसाविषयी आपण कुठं सारखं बोलतो? ती डाव्या अंगाला असते, मान वळवली की दिसत नाही, पण असते. तिचा श्वास ऐकू येत नाही, पण तिच्या अंगाची ऊब लागते. घाबरवत नाही. बोलत नाही. धरते. माझा हात झटकणाऱ्या मावशी तिचा आधार मात्र निमूट घेत होत्या, याचं मला नवल वाटायचं.

एकदा मला राहवलं नाही. मावशी दांडे सोडून मोकळ्या जागेत उभ्या होत्या. हे सगळं मनाचं आहे, असं मी स्वतःला समजावत होते. म्हणून त्यांचा पट्टा उजव्या हातात बदलला आणि मुद्दाम त्यांच्या डाव्या बाजूला, अगदी चिकटून, जाऊन उभी राहिले.

मावशी ओरडल्या. वेदनेचं ओरडणं होतं ते. दुसऱ्या क्षणी त्या माझ्या अंगावर आडव्या. आम्ही दोघी शेजारी अंथरलेल्या व्यायामाच्या गादीवर पडलो. लागलं कुणालाच नाही. मावशी माझ्याकडं बघत होत्या, त्यांचे डोळे पाण्यानं भरले होते.

"अगं, तिच्या अंगावर पाय दिलास ना," त्या म्हणाल्या.

त्यानंतर मी त्यांच्या डाव्या बाजूला कधीच गेले नाही. आमचे बाकीचे लोकही आपसूक उजवीकडून जाऊ लागले. मी कुणाला सांगितलं नव्हतं.

घरी काय चाललं होतं ते सविता सांगायची. आत्याबाई खाटेच्या उजव्या कडेला निजतात, डावी अर्धी खाट रिकामी. रिक्षात बसल्या तर शेजारी जागा ठेवतात. उंबऱ्याशी आल्या की अंग चोरून थांबतात, कुणाला तरी आधी आत जाऊ देतात, मग आपण शिरतात. "भांडत न्हाईत, ओरडत न्हाईत. सगळं शानपनाचं बोलत्यात. पन मॅडम, घरात एक मानूस जास्त झाल्यावानी वाटतं. कालवण कमी पडंल का काय, असं मलाच वाटाया लागलंय."

दत्तू मात्र घाबरला होता. सटाण्याकडं कुणी जाणता आहे, तो बाहेरचं काढतो, असं त्याला नातेवाइकांनी सांगितलं होतं. एक दिवस तो तणतणतच आला.

"मॅडम, मशीन बंद करा. डोक्यात ठोकून ठोकून तुम्ही काहीतरी आत सोडलंय. आईचं चालनं नाय आलं तरी चालंल. मी खांद्यावर घेऊन फिरीन तिला."

डॉक्टर सबनीसांनी त्याला बसवलं. मावशींच्या मेंदूचे फोटो पुन्हा काढले, फिट येतायत का ते तपासलं. नवीन बिघाड काही नव्हता. मग मावशी, दत्तू, सविता आणि मी अशा सगळ्यांना समोर बसवून ते बोलले. इतकं बोलताना मी त्यांना प्रथमच पाहिलं.

"आपलं शरीर कुठं आहे, याचा एक अंदाज मेंदू सतत बांधत असतो. तो अंदाज जागेवर असतो तेव्हा आपल्याला कळतही नाही. तो चुकला तर शरीर इथं आणि अंदाज शेजारी, असं होऊ शकतं. मग शेजारी कुणीतरी आहे असं वाटतं. स्ट्रोकमुळं झालं की मशीनमुळं, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण मावशी, ती दुसरी कुणी नाही. ती तुम्हीच आहात."

मावशींनी डाव्या बाजूला मान वळवली आणि परत डॉक्टरांकडं पाहिलं.

"ती मी?"

"हो."

"मंग ही कोन?" त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

डॉक्टरांनी समोरचे फोटो गोळा केले. ते म्हणाले, सावधगिरी म्हणून मशीन थांबवू. व्यायाम चालू ठेवू. ती जाईल हळूहळू.

"तुम्ही आता दार लावून घेताय," मावशी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "पन ती आत आलीय ना."

मशीन बंद झालं. ती गेली नाही. उलट पुढच्या काही दिवसांत मावशींनी सांगितलं, की तिनं जागा बदललीय. आता ती शेजारी नसते, पुढं चालते.

"दिसते?" मी विचारलं.

"पाठ दिसती. नऊवारी हाय, मळ्यातली, जुनी. डोक्यावर पाटी. वळत नाय."

"कोण आहे ओळखलं?"

मावशी उठल्या. माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी बसून दिलं नाही. "डॉक्टर खरं बोलला गं. मीच हाय ती. पन ही डुलती ती न्हवं. झटक्याच्या आधीची हाय. पाय कसा टाकती बघ!" आणि हॉलच्या रिकाम्या फरशीवर नजर लावून त्या तिच्या मागं निघाल्या. ती टाच टेकवी तिथं टाच टेकवत, ती कंबर वळवी तशी वळवत. मी पट्टा धरून मागं होते, पण पट्ट्याला ओढच नव्हती. पाय लांब, संथ, खांदे मागं, मान ताठ, डोक्यावर ओझं असल्यासारखी. अशी चाल मी कुणालाच शिकवलेली नव्हती. आम्ही शिकवतो ती चाल सावध असते.

कोपऱ्यातल्या बाकावरून सविता उभी राहिली. तिनं तोंडावर हात धरला होता.

"आई गं," ती म्हणाली. "ह्या अशाच चालायच्या. अगदी अशाच."

दत्तूनं ते दुसऱ्या दिवशी बघितलं. आई दारापासून खिडकीपर्यंत चालत गेली आणि परत आली. तो भिंतीकडं तोंड करून रडला. सटाण्याचं नाव त्यानं परत काढलं नाही. मला वाटतं, आम्ही सगळ्यांनीच तेव्हा एक गोष्ट मनातल्या मनात मान्य करून टाकली होती: बाई चालतेय ना, मग कुणाच्या मागं चालतेय ते विचारायचं नाही.

रोज मावशी म्हणायच्या, आज अंतर कमी झालं. आज तिच्या पाटीतल्या शेवंतीचा वास आला. आज पदराला हात लागला असता. त्या हरखून सांगायच्या, पोरीबाळी लपंडाव सांगतात तसं. एकदाच फक्त थांबून म्हणाल्या, "गाठलं मी तिला, तर काय व्हईल गं?"

"मग तुम्ही पूर्ण बऱ्या," मी म्हणाले.

त्यांनी कमरेचा पट्टा आवळून घेतला आणि पुन्हा फरशीवर नजर लावली.

मग एका सकाळी मावशी रिक्षातून उतरल्या आणि कुणाच्याही आधाराशिवाय जिना चढून वर आल्या. मी सगळ्या चाचण्या घेतल्या. एका पायावर उभं राहणं, वळणं, डोळे मिटून चालणं, खालची वस्तू उचलणं. कुठंही चूक नाही. त्यांची नजर पूर्वीसारखी समोरच्या फरशीवर नव्हती, सरळ माझ्यावर होती.

"ती कुठाय?" मी हळूच विचारलं.

"नाय. रातीच्यापासून नाय."

डॉक्टर सबनीस समाधानानं म्हणाले, अंदाज पुन्हा शरीरावर येऊन बसला. असंच व्हायला हवं होतं. दत्तूनं पेढे वाटले. मीही दोन खाल्ले. सेंटरमधल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मावशींनी सगळ्यांकडं एकदा नीट पाहून घेतलं. तसबिरीवरचा हार शिळा होता, पण तिकडं त्यांचं लक्ष नव्हतं.

निघताना त्या माझ्यासमोर आल्या आणि त्यांनी हात जोडले.

"लय उपकार झाले, मॅडम."

मावशींनी मला कधी मॅडम म्हटलं नव्हतं. उपकार हा शब्दही त्यांच्या तोंडात बसणारा नव्हता. मी काहीतरी हसून बोलले असेन. त्या दारापर्यंत गेल्या, डाव्या हातानं दार उघडून धरलं आणि उजवीकडं बघत थांबल्या. मला वाटलं दत्तूची वाट बघतायत. खालून रिक्षाचा हॉर्न ऐकू आला तेव्हा लक्षात आलं, दत्तू केव्हाच खाली गेला होता. थोड्या वेळानं त्यांनी दार सोडलं आणि त्या गेल्या.

पुढं फोनवर खबर यायची. तब्येत छान आहे, मळ्यात जातात, काम करतात. दसरा आला तेव्हा सविताचा आग्रह झाला की झेंडू मळ्यातूनच न्या. आदल्या दिवशी, ऊन कलताना, मी मखमलाबादला गेले. तोडणी जोरात चालली होती. केशरी, पिवळे ढीग, बायकांचा गलका, पाणी दिल्यामुळं वाफ्यांत चिखल. सविता मला बघून पुढं आली आणि विहिरीच्या कडेला घेऊन गेली. माझ्या पिशवीत फुलं भरता भरता ती बोलत होती.

"बऱ्या हायत. माझ्यापेक्षा जास्त तोडत्यात. पन मॅडम, आता खाटेच्या डाव्या कडेला निजत्यात. उजवी बाजू रिकामी ठेवत्यात. रात्री उठून त्या बाजूला पांघरून घालत्यात."

मी पिशवी बाजूला ठेवली.

"विचारलंस त्यांना?"

"इचारलं. म्हनल्या, मी बरी हाय गं. ती अजून नीट उभी ऱ्हात नाय."

"मी डॉक्टरांशी बोलते. एकदा दाखवायला आणा."

"म्हनलं मी तसं." सवितानं आजूबाजूला पाहिलं. "तर माझा हात घट धरला. म्हनल्या, नको. परत मशीन लावलं तर मला काढून टाकतील."

तेवढ्यात मावशी दिसल्या. मळ्याच्या पलीकडच्या टोकाकडून येत होत्या. दोन वाफ्यांच्या मधला बांध अरुंद, जेमतेम एका माणसाचा पाय मावेल एवढा. मावशी बांधावर नव्हत्या. त्या बांधाच्या डाव्या बाजूनं, खाली वाफ्यातल्या चिखलातून चालत होत्या, घोट्यापर्यंत पाय रुतवत. काष्टा चिखलानं माखला होता. बांध रिकामा होता, कोरडा, स्वच्छ. उजवा हात त्यांनी त्या बांधावर धरला होता, कोपराच्या उंचीवर, बोटं मिटलेली, कुणाचा तरी दंड धरावा तशी. एक पाऊल टाकायच्या, थांबायच्या, बांधाकडं बघायच्या. मग पुढचं.

मी हाक मारायला तोंड उघडलं. मावशींनी मान वर केली आणि मला पाहिलं. ओळखीचं हसल्या. डाव्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं.

"आता नको बोलावू," त्या तिथूनच म्हणाल्या, हलक्या आवाजात. "पडंल ती."

मी तशीच उभी राहिले. बांधाच्या तोंडाशी तोडणाऱ्या बायका बसल्या होत्या, आडव्यातिडव्या, मधे पाट्या पसरलेल्या. मावशी जवळ आल्या तशा त्या न सांगता उठल्या. कुणी बोलणं थांबवलं नाही, कुणी वर बघितलंही नाही. पाट्या ओढून घेतल्या, लुगडी सावरली आणि वाट करून दिली, दोघी जातील एवढी.